‘रूकी कार्ड’ला ‘पदार्पणाचे कार्ड’ म्हणावे का?

बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेल्या, संग्राहक जमवतात त्या जुन्या कार्डांविषयी मराठीत लिहिताना ‘रूकी कार्ड’ऐवजी ‘पदार्पणाचे कार्ड’ चालेल का, अशी विचारणा आहे. माझ्या मते चालू नये. ‘रूकी’ म्हणजे नवखा खेळाडू. पदार्पण खेळाडू करतो. रूकी कार्ड मात्र छपाईच्या इतिहासावरून ठरते. अमेरिकेत देशभर विकल्या गेलेल्या नियमित संचात खेळाडूचे कार्ड ज्या वर्षी प्रथम आले, त्या वर्षीचे ते रूकी कार्ड, असा संग्राहकांचा सर्वसाधारण संकेत आहे. मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड बोमन या कंपनीने १९५१ मध्येच काढले होते. त्यामुळे २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेलेले त्याचे टॉप्स या कंपनीचे १९५२ चे कार्ड कितीही गाजले, तरी ते रूकी कार्ड नव्हे.

कार्डावर छापलेल्या शब्दावरही भिस्त ठेवता येत नाही. लू पिनिएला या खेळाडूला टॉप्सने १९६४ मध्ये सेनेटर्स, १९६८ मध्ये इंडियन्स आणि १९६९ मध्ये पायलट्स या संघांच्या ‘रूकीज’मध्ये बसवले, दर वेळी आणखी एका खेळाडूच्या शेजारी. त्याचे पदार्पण १९६४ मध्येच झाले, पण तेही ओरिओल्स या वेगळ्याच संघाकडून! १९६९ चा हंगाम तो प्रत्यक्षात कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळला आणि मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील अमेरिकन लीग या गटाचा ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षातील सर्वोत्तम नवखा) ठरला, कारण रूकीपण संपण्याइतका खेळ तोवर त्याच्या नावावर जमलेला नव्हता. म्हणजे लीगच्या लेखी तो १९६९ चा रूकी, तर संग्राहकांच्या लेखी त्याचे रूकी कार्ड १९६४ चे.

सालाचा घोळ वेगळाच. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये आला. त्याच वर्षी एका पाव कंपनीने त्याची कार्डे काढली. परंतु ती पावाची जाहिरात म्हणून वाटलेली असल्याने अनेक जण रूकी कार्डाचा मान लीफ या कंपनीच्या संचातील कार्डाला देतात. तो संच १९४८ चा म्हणून ओळखला जातो खरा, पण त्यातील काही कार्डांच्या मागे स्वामित्वहक्काचे साल १९४९ असे छापलेले आहे. अशा ठिकाणी ‘१९४८-४९’ असे जोडसाल लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तेव्हा मराठीतही ‘रूकी कार्ड’ हाच शब्द ठेवावा. २००६ पासून मात्र मेजर लीगमध्ये दाखल झाल्यानंतरच्याच कार्डावर रूकीची अधिकृत मुद्रा छापली जाऊ लागली. तेवढ्या नव्या कार्डांपुरते ‘पदार्पणाचे कार्ड’ फारसे चुकीचे ठरणार नाही.