मजबुतीकरणानंतर इमारत अधिक थरथरते. वर्गणी थांबवावी का?

कराडच्या एका सदनिकाधारकांनी विचारले आहे की, सोसायटीने खांबांना जॅकेटिंग (जुन्या खांबाभोवती नवे काँक्रीटचे आवरण) करून व पोलादी तिरके आधार बसवून इमारत भूकंपासाठी मजबूत केली. मात्र त्यानंतर जड वाहन गेले की घरातली थरथर पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकते, म्हणून त्यांनी या कामाच्या वर्गणीचा शेवटचा हप्ता दिलेला नाही आणि आता सोसायटीची वसुलीची नोटीस आली आहे.

आपली भीती मी हलकी मानत नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या परिसरात अजून विसरला गेलेला नाही. तरीही जास्त वेळ टिकणारी थरथर म्हणजे सदोष काम, असे न्यायालयापुढे एवढ्यावर सिद्ध होणार नाही. आधारांमुळे इमारतीचा ताठरपणा वाढतो व तिचा नैसर्गिक दोलनकाळ, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, घटतो. तसेच जुन्या भेगांतील घर्षण कंपनांची काही ऊर्जा शोषत असते. भेगा भरल्या की लहान कंपनांपुरते हे अवमंदन (कंपने शमवण्याची क्षमता) कमी होऊन थरथर जास्त वेळ टिकू शकते, आणि तरीही मोठ्या धक्क्यात तीच इमारत अधिक सुरक्षित असू शकते. उलट, नव्या-जुन्या काँक्रीटची पकड नीट बसली नसेल किंवा आधारांचे सांधे सैल असतील, तर तो खरा दोष आहे. या दोहोंतला फरक मोजमापाने कळतो, अंदाजाने नाही.

म्हणून आधी सोसायटीकडे लेखी अर्ज करून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, मंजूर आराखडा, कंत्राट आणि आयएस 15988:2013 (जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंप-मजबुतीकरणाचे भारतीय मानक) नुसार केलेल्या गणिताची प्रत मागा, व स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कंपनमापन करून घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा. कामापूर्वीचे मोजमाप झालेले नसेल, तर तुलना आराखड्यात गृहीत धरलेल्या दोलनकाळाशी करावी लागेल.

हप्ता मात्र थांबवू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 154 ब-29 खाली थकबाकीची वसुली होऊ शकते, आणि तिथे थकबाकीदार म्हणून उभे राहिल्यास कामाच्या दर्जाचा आपला रास्त मुद्दा मागे पडेल. ‘हक्क राखून, निषेधासह’ असे लेखी कळवून रक्कम भरा.

दोष निघालाच, तर करार सोसायटीचा असल्याने कंत्राटदाराविरुद्धची ग्राहक तक्रार सोसायटीनेच करणे सोयीचे आहे. तिची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, त्यामुळे काम पूर्ण झाल्याची तारीख आजच तपासा. समितीने टाळाटाळ केली, तर याच अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग आपल्याला खुला आहे. त्या वेळी आपला अर्ज, त्याची पोच आणि इंजिनिअरचा अहवाल हाच पुरावा असेल.