'ज्वलनांक' की 'स्वयंप्रज्वलन तापमान'?

प्रश्न असा आहे : भुकटीच्या रूपातल्या एका रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक कामगारांसाठी मराठीत आणायचे आहे. त्यात 'रिलेटिव्ह सेल्फ-इग्निशन टेंपरेचर' असा एक रकाना आहे. शाळेत शिकलेला 'ज्वलनांक' तिथे लिहिला तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. अडचण 'ज्वलन'मध्ये थोडी आहे आणि 'अंक'मध्ये बरीच आहे.

आधी थोडी अडचण. ज्वलन म्हणजे जळत राहणे, प्रज्वलन म्हणजे जळायला सुरुवात होणे. समारंभात आपण दीपप्रज्वलन करतो, दीपज्वलन नाही. इथे मोजायचे आहे ते सुरुवातीचे तापमान, म्हणून 'प्रज्वलन' हवे. शिवाय कोणी काडी लावत नाही, ठिणगी दाखवत नाही, म्हणून शब्दाच्या आधी 'स्वयं'. मराठीत हा भेद क्रियापदातच आहे : पेटवणे वेगळे, पेटणे वेगळे. द्रवांच्या बाबतीत हा भेद पुसला की मोठा गोंधळ होतो. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने भडकते, पण ठिणगीविना पेटायला तिला अडीचशे अंशांच्या वर जावे लागते. दोन्हींना 'ज्वलनांक' म्हटले तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

आता 'अंक'. उत्कलनांक, द्रवणांक या शब्दांनी आपल्या मनात एक खात्री रुजवली आहे : दाब तोच असेल तर हा आकडा त्या पदार्थाचा स्वतःचा, चमचाभर घ्या नाहीतर पिंपभर. घन पदार्थ आपोआप पेटण्याचे तापमान तसे नसते, आणि ते कसे मोजतात हे पाहिले की कारण कळते.

युरोपीय संघाच्या चाचणीपद्धतींत 'ए.१६' नावाची पद्धत आहे. बारीक स्टीलच्या जाळीची, २० मिलिमीटर बाजूची ठोकळ्यासारखी डबी घेतात. तिच्यात भुकटी हलके ठोकून भरतात आणि ती ओव्हनच्या मध्यभागी टांगतात. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भुकटीच्या पोटात, दुसरा ओव्हनच्या हवेत. मग ओव्हन मिनिटाला अर्ध्या अंशाने तापवत ४०० अंशांपर्यंत नेतात. पदार्थ त्याआधी वितळणारा असेल तर वितळेपर्यंतच. खोलीच्या तापमानापासून ४०० गाठायला बारा तासांहून अधिक लागतात. एखाद्या क्षणी भुकटी ओव्हनला मागे टाकून स्वतःच तापू लागते. ती ४०० अंशांना पोहोचते त्या वेळी ओव्हनचे जे तापमान असते, तेच उत्तर म्हणून नोंदवतात. म्हणजे रकान्यातला आकडा पदार्थाचा नसून ओव्हनचा आहे, तोही या डबीपुरता आणि या गतीपुरता. 'रिलेटिव्ह' हा शब्द त्यासाठीच आहे. भाषांतरात 'सापेक्ष' गाळू नये.

डबी मोठी केली की आकडा उतरतो. उष्णता ढिगाच्या सगळ्या आकारमानात तयार होते, बाहेर मात्र पृष्ठभागातूनच पडते. बाजू दहापट झाली तर आकारमान हजारपट होते, पृष्ठभाग शंभरपटच. कडब्याची गंजी आतून तापते आणि पेंढीभर कडबा तापत नाही, ते यामुळेच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांतली 'एन.४' चाचणी याच हिशोबावर उभी आहे. २७ घनमीटर लोणारी कोळसा ५० अंशांना आपोआप पेटू शकतो. त्याच कोळशाच्या एक लिटर ठोकळ्याला १४० अंश लागतात. म्हणून १०० मिलिमीटर बाजूचा, म्हणजे एक लिटरचाच, नमुना १४० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवतात, आणि तो २०० अंशांच्या पुढे गेला तर पदार्थ स्वतः तापणारा मानतात. एकाच कोळशाला ५० आणि १४० असे दोन आकडे असतील तर त्याचा 'अंक' कुठला सांगणार?

म्हणून माहितीपत्रकात 'सापेक्ष स्वयंप्रज्वलन तापमान' लिहावे आणि शेजारी चाचणीपद्धतीचे नाव द्यावे. 'स्वयंज्वलन' रूढ आहे आणि चुकीचे नाही, पण 'प्र'मुळे नेमकेपणा येतो. शब्द जोडूनच लिहावा.

पोत्यावर मात्र हा शब्द नको, तिथे 'आपोआप पेट घेते' हेच लिहावे. घन पदार्थ बहुधा आधी तापतो, मग धुमसतो, ज्वाळा शेवटी दिसते, तेव्हा 'धुमसणे' हे क्रियापद सूचनेत यायलाच हवे. रंगाईच्या कारखान्यांत आणि गुऱ्हाळांत वापरतात ती हायड्रॉस पावडर, म्हणजे सोडियम डायथायोनाईट, वाहतूक नियमांत स्वतः तापणाऱ्या पदार्थांतच मोडते. ओल लागली की तिचा धोका वाढतो. तिच्यासाठी मी अशी सूचना लिहीन : 'हा माल आतून तापून धुमसू शकतो व आपोआप पेट घेतो. ओल लागू देऊ नका. मोठी थप्पी लावू नका. पोते गरम लागल्यास किंवा गंधकासारखा उग्र वास आल्यास लगेच दूर व्हा आणि सुपरवायझरला कळवा.'