साताऱ्यात आमचा लोकसंगीत-रॉक बँड आहे. अल्बमचं पहिलं गाणं गिटारने सुरू करावं की संबळ-तुणतुण्याने?

तुणतुण्याने सुरू करा, मग संबळ, आणि गिटार सगळ्यात शेवटी. तमाशात आधी गण, मग गवळण. गोंधळातही आधी देवांना आवाहन. सुरुवात कशी करायची हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, बँडने ते फक्त वाजवायचं. मी सांगलीत अशी थोडी रेकॉर्डिंग केली आहेत, त्यावरून सांगतो: खरी गोची सुराची होते. गायकाची पट्टी आधी ठरवा. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) असेल तर तुणतुणं त्याच षड्जावर (सा वर) लावा आणि गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी स्केलचेच कॉर्ड वाजवा. गिटारवाल्याच्या सोयीसाठी गायकाला ओढलं की आवाज चिरकतो. (गिटारवाले ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.) संबळ आणि स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) एकमेकांचा आवाज खातात, म्हणून पहिल्या कडव्यात स्नेअर नकोच, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास गिटार पुरे. हलगी घेतलीत तर टेकच्या आधी शेकून घ्या, पावसाळ्यात चामडं लगेच उतरतं. फक्त एक, हेच गाणं सुटं आधी रिलीज करणार असाल तर तुणतुण्याची सुरुवात १०-१५ सेकंदांत आटपा. अल्बममध्ये मिनिटभरही चालेल.