वाचकांचे प्रश्न : गवतातली आमरी

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. जुलैमध्ये त्याने गवताळ कुरणात फुललेल्या एका पांढऱ्या, झालरीच्या ऑर्किडचे छायाचित्र पाठवले आणि ते टिकावे म्हणून तिथले गवत मधूनमधून मुद्दाम जाळतात, असे कळवले. ऑर्किड म्हणजे झाडावरचे बांडगूळ, अशी माझी समजूत होती. गवत जाळल्याने फूल कसे वाचते? त्याचे बी मागवून नान्नजच्या माळावर टाकले, तर रुजेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : झाडावरची ऑर्किडे बांडगुळे नसतात, ती झाडाचा आधार घेतात, रस शोषत नाहीत. आपण पाहिलेली जात तर जमिनीत कंद धरणारी आहे. आपल्याकडे ऑर्किडांना आमरी म्हणतात आणि कास पठारावर पावसाळ्यात फुलणारी आषाढ आमरीही अशीच कंदाची आहे.

वर्णनावरून हे ऑर्किड प्लॅटॅन्थेरा प्रीक्लारा असावे. पूर्वी ते अमेरिकेतल्याच पूर्वेकडच्या भावंड जातीत जमा धरले जाई. 1986 मध्ये ते स्वतंत्र जात ठरले. त्या निवाड्यात एक बारीक खूण कामी आली. संध्याकाळनंतर सुगंध सुटला की मोठे निशाचर पतंग येतात आणि फुलामागच्या लांब, अरुंद नळीतला मध गाठण्यासाठी डोके आत खुपसतात. त्या वेळी पूर्वेकडच्या जातीचे परागपुंज पतंगाच्या सोंडेला चिकटतात, तर हिचे थेट त्याच्या डोळ्यांना.

1989 पासून ही जात अमेरिकेच्या कायद्यानुसार संकटग्रस्त आहे. कारण सरळ आहे : उंच गवताच्या त्या कुरणांखालची काळी, खोल माती मका आणि सोयाबीनसाठी नांगरली गेली. आपला माळ उलट मुरमाड म्हणून नांगरापासून वाचला आणि त्याच मुरमाडपणामुळे कागदोपत्री ‘पडीक’ ठरला.

आता आगीविषयी. न जळलेल्या, न चरलेल्या कुरणात वाळक्या गवताचा जाड थर साचतो, झुडपे शिरतात आणि कोवळ्या कोंबाला ऊन मिळत नाही. कोंब वर येण्यापूर्वी, कंद मातीत सुरक्षित असताना तज्ज्ञ मंडळी ठरावीक पट्टा जाळतात. मात्र वेळ चुकली किंवा वर्ष कोरडे असले, तर हाच उपाय अपाय करतो. आपल्या माळावर हा प्रयोग कोणीही करू नये. इथे माळटिटवी, चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात.

बी मागवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. ऑर्किडाचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसले, तरच ते रुजते आणि पुढेही फूल येईपर्यंत काही वर्षे जातात. ती बुरशी, तो ओलावा, बर्फाखाली झोपणारा हिवाळा आणि ते पतंग यांतले आपण टपालाने काय काय मागवणार? शिवाय ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कायद्याची बंधने आहेत.

नान्नजच्या माळाला पाहुण्याची गरजही नाही. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालेल्या या भागात पवना, मारवेल, कुसळी ही गवते हीच खरी वनसंपत्ती आहे. तिथे हिरवाईच्या हौसेने ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, तेव्हा उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून वावरणाऱ्या पक्ष्याची दृष्टीच अडली. आपल्या गावच्या गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव येणार असेल, तर आधी तिथे कोणकोणते गवत आहे, याची पाहणी करण्याचा आग्रह धरावा.

चिरंजीवांना मात्र एक जरूर कळवावे. पुढच्या जुलैत त्यांनी सूर्यास्तानंतर त्या कुरणाच्या कडेला, पायवाट न सोडता अर्धा तास थांबावे. त्या फुलाचा वास दिवसाच्या छायाचित्रात येत नाही.