रकान्यात खूण करू की नको?

प्रिय भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजप्रवेशाच्या फॉर्मवर वंश विचारलाय तिथे ‘एशियन’ रकान्यात खूण करू का, आणि सल्लागार सांगतो म्हणून निबंधातून तबला काढून टाकू का, असं विचारलंयस. खूण कर, नाहीतर कोरा सोड. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २९ जून २०२३ च्या निकालानंतर त्या खुणेच्या जोरावर प्रवेश द्यायला किंवा नाकारायला कॉलेजांना मनाई आहे. तबला मात्र काढू नकोस.

बाबांना वाटतं, निकाल आपल्या बाजूने लागला, आता रस्ता मोकळा. त्यांना पुढच्याच वर्षीच्या प्रवेशांचे आकडे दाखव. एमआयटीत एशियन मुलं ४० टक्क्यांवरून ४७ वर गेली, हार्वर्डमध्ये ३७ वरच राहिली, येलमध्ये ३० वरून २४ वर आली. यावरून तुझं काय होणार हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला फी देऊ नये.

एशियन मुलांवर अन्याय होतो म्हणून हार्वर्डवर जो खटला भरला, त्यातूनच हा निकाल आला. त्या खटल्यातली एक गोष्ट मला अजून खटकते. हार्वर्डचे अधिकारी प्रत्येक अर्जाला ‘पर्सनल रेटिंग’ द्यायचे, म्हणजे स्वभाव, धैर्य, दयाळूपणा वगैरेंचे गुण. त्यात एशियन मुलं सरासरीने मागे पडायची. पण ज्या माजी विद्यार्थ्यांनी समोरासमोर बसून मुलाखती घेतल्या, त्यांनी या मुलांना गोऱ्या मुलांच्या जवळपास गुण दिले होते! खालच्या कोर्टाला यात जाणूनबुजून केलेला भेदभाव दिसला नाही; माझी शंका काही फिटलेली नाही. पण ही तक्रार गोऱ्या मुलांशी तुलनेची आहे. कृष्णवर्णीय मुलांनी तुझी जागा पळवली, असं त्यातून निघत नाही. खटल्यातल्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची, बड्या देणगीदारांशी लागेबांधे असलेली किंवा कोचने निवडलेली खेळाडू निघाली. त्या मागच्या दाराला निकालाने हातही लावला नाही. ग्रुपवर पेढे वाटणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

त्याच ग्रुपवर काका लोक प्रवेशात वंश बघण्याच्या जुन्या पद्धतीला ‘तिकडचं आरक्षण’ म्हणतात. तसं ते नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या, त्या कोर्टाने १९७८ मध्येच बेकायदा ठरवल्या. नंतर वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक, एवढंच उरलं होतं. आणि आपण इथे आलो कसे, तेही आठव. १९६५ च्या ज्या कायद्याने भारतीयांना दार उघडलं, तो नागरी हक्क चळवळीच्या रेट्यातच झाला. मार खाल्ला कृष्णवर्णीयांनी, व्हिसा मिळाला आपल्याला.

आता निबंध. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे मुलांनी लिहावं आणि कॉलेजने ते विचारात घ्यावं, याला मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मोकळीक ठेवली आहे. फक्त त्यातून त्या मुलाची जिद्द किंवा कुवत दिसली पाहिजे. तेव्हा ‘दोन संस्कृतींमधली मी’ हे पुराण नको. रविवारच्या मराठी शाळेत तो सहा वर्षांचा मुलगा ‘ळ’ म्हणायला तयार नव्हता, तेव्हा तू तबल्याच्या बोलांवर त्याच्याकडून तो म्हणवून घेतलास ना? ते लिही. ‘कमी भारतीय’ दिसायला सांगणारा सल्लागार बदल.

६५० शब्दांच्या वर जाऊ नकोस. पहिला खर्डा बाबांना दाखवायच्या आधी मला पाठव.

तुझा,
मामा