इंग्रजीतल्या ‘रन’चे ‘धावणे’ सोडून आणखी कोणते अर्थ होतात?
पुष्कळ. आधी वाक्यात कर्म आहे का ते बघा. नसेल तर धावणे, चालणे, वाहणे: ‘द बस रन्स टू रंकाळा’, ‘माय नोज इज रनिंग’ म्हणजे नाक गळतंय. कर्म असेल तर चालवणे: ‘ही रन्स अ गुऱ्हाळ’. इथंच बहुतेक जण घसरतात. ‘ही रन्स अ बस’ म्हणजे त्याचा बसचा धंदा आहे; स्टेअरिंगवर बसणाऱ्याला ‘ड्राइव्ह्ज’च लागतं. पुढं ‘आउट ऑफ’ आलं की संपणे. मिसळीचा कट संपला तर ‘वुई हॅव रन आउट ऑफ कट’. ‘हॅव’नंतर ‘रॅन’ नको हं, ती चूक सर्रास होते. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक भेटणे किंवा धडकणे, संदर्भ बघायचा.