विमा आहे, तरी झोप नाही

‘एका रात्रीत सगळं गेलं तर?’ स्वतःचा व्यवसाय असलेल्या माणसांच्या तोंडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला सतत ऐकू येतो. कुणाला आगीची धास्ती असते, कुणाला जागामालक ‘गाळा रिकामा करा’ म्हणेल याची, कुणाला मोठं गिऱ्हाईक तुटण्याची. कारणं वेगवेगळी, पण जाग येण्याची वेळ तीच, पहाटे तीन-साडेतीन. यांतल्या बहुतेकांच्या कपाटात विम्याची पॉलिसी असते. घरचे, मित्र, एजंट सगळे तेवढ्यावर बोट ठेवतात, ‘विमा आहे ना, मग कसली चिंता?’ या समजुतीनं चिंता जात नाही. उलट आपलंच काहीतरी बिघडलंय, असं त्या माणसाला वाटायला लागतं. म्हणून एक प्रकरण जरा तपशिलात लिहितो आहे. ओळख पटू नये इतपत त्यात बदल केले आहेत आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी मोजक्या संवादांत आणल्या आहेत.

पन्नाशीतले गृहस्थ. खोकी छापून देण्याचा कारखाना, भाड्याचा गाळा, चौदा कामगार. व्यवसाय बरा चाललेला. गेलं वर्षभर पहाटे जाग यायची आणि डोळ्यांसमोर एकच चित्र, गाळ्यातून धूर निघतोय. मग रखवालदाराला फोन. त्यानं समाधान झालं नाही की गाडी काढून स्वतः जायचं, मेन स्विच बंद आहे ना ते बघायचं, परत यायचं. आठवड्यातून एकदा होणारी ही फेरी चार वेळा व्हायला लागली, तेव्हा पत्नीच्या आग्रहावरून ते आले.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “विमा कितीचा आहे?”

“आहे, चांगला आहे.”

“आकडा?”

“तो एजंटला विचारावा लागेल.”

“पॉलिसी शेवटची कधी वाचलीत?”

ते थोडे चिडले. “कोण वाचतं हो ती? येते, कपाटात ठेवतो. हप्ता मात्र एकदाही चुकवला नाही.”

तिथे मला पहिला धागा मिळाला. रोज रात्री आगीचा विचार करणारा माणूस आगीबद्दलचा एकमेव कागद चार वर्षं उघडत नव्हता. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाहायचं टाळलं की क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या मोबदल्यात भीती वाढत जाते. रात्रीचा फोन आणि गाडीची फेरी हेही त्याच जातीचं. स्विच बंद दिसला की हायसं वाटायचं, पण ‘आपण पाहिलं म्हणून वाचलो’ हा समज आणखी घट्ट व्हायचा. त्यांना धीर देण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढच्या वेळी ते पाकीट न उघडता घेऊन या, इतकंच सांगितलं.

दोन भेटी आम्ही ती पॉलिसी ओळ न ओळ वाचली. समुपदेशकानं विम्याच्या कलमांत का शिरावं, असं काही सहव्यवसायी मला विचारतात. माझं मत पक्कं आहे. माणसाची भीती किती खरी आणि किती फुगलेली, हे ती ज्या गोष्टीबद्दल आहे ती समजून घेतल्याशिवाय ठरवता येत नाही. इथे तर भीतीचा निम्मा भाग अगदी खरा निघाला.

यंत्रांची विमा रक्कम हिशेबाच्या वहीतून उचललेली होती, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीतून घसारा वजा करून. ही चूक फार जण करतात, कारण तो आकडा हाताशी असतो आणि हप्ता कमी बसतो. पण तीच यंत्रं आज नव्यानं घ्यायला काय लागेल, हा वेगळा आकडा आहे. भरपाई नव्या किमतीच्या आधारावर हवी असेल तर पॉलिसीत तशी अट हवी आणि विमा रक्कमही त्याच किमतीची हवी. रक्कम कमी ठेवली की काय होतं, ते मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. मालमत्तेची खरी किंमत 100 आहे आणि विमा 60 चा. आगीत 40 चं नुकसान झालं. 40 हे 60 च्या आत आहेत, म्हणजे पूर्ण मिळतील, असं सगळ्यांना वाटतं. सरासरीची अट लागू असेल तर तसं होत नाही. विमा 60 टक्क्यांचाच असल्यामुळे नुकसानीचेही 60 टक्केच, म्हणजे 24 मिळतात. उरलेले 16 मालकाच्या खिशातून.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “अजून एक आहे. पोटमाळ्यावर आम्ही शाईचं थिनर ठेवतो. आधी दोन डबे असायचे, आता ड्रम असतात. हे त्यांना कळवलेलं नाही.”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विम्याचा करार परस्परांवरच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. 1766 साली इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हे तत्त्व मांडलं. जोखीम ठरवणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असतात, त्यामुळे त्यानं त्या लपवता कामा नयेत. ज्वालाग्राही साठा वाढला, कामाचं स्वरूप बदललं, जागेत फेरफार झाले की ते लेखी कळवायचं आणि पोच ठेवायची. जागा सलग बरेच दिवस बंद राहणार असेल तरी कळवायचं, कारण अनेक पॉलिसींत ठरावीक दिवसांनंतर संरक्षण आटतं. हप्ता वाढेल म्हणून गप्प राहणारा माणूस हप्ता भरतोच, आणि नेमका दाव्याच्या दिवशी उघडा पडतो. या गृहस्थांना ते आतून माहीत होतं. पहाटे तीनला त्यांना जागं करत होता तो हा ड्रम.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी थिनर वेगळ्या, हवेशीर खोलीत हलवलं, साठा एका आठवड्याच्या गरजेवर आणला आणि विमा कंपनीला पत्र दिलं. संध्याकाळी गाळा बंद करताना करायच्या कामांची यादी केली. मेन स्विच, कॉम्प्रेसरमधली हवा सोडणं, डब्यांची झाकणं, आणि तेल-शाई पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकणं. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. वाळणाऱ्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा ढीग हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापतो आणि ठिणगीशिवाय पेटू शकतो. यादीवर दोन जणांच्या सह्या, खाली वेळ. त्यानंतर रात्री फोन नाही, फेरी नाही, असं आमचं ठरलं. पहिले आठ-दहा दिवस फार जड गेले. ते जाणारच, हे मी आधी सांगून ठेवलं होतं.

आणखी एक भोक सापडलं, ते भाड्याच्या जागेत नेहमी असतं. इमारतीचा विमा जागामालकाचा, सामानाचा भाडेकरूचा. पण भाडेकरूनं स्वखर्चानं केलेलं वायरिंग, पार्टिशन, पोटमाळा कुणाच्या पॉलिसीत? बहुधा कुणाच्याच नाही. शिवाय आग भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे लागली, तर मालकाला पैसे चुकते करून त्याची विमा कंपनी ते भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. हा वसुलीचा हक्क सोडून दिल्याचं कलम भाडेकरारात आणि मालकाच्या पॉलिसीत, दोन्हीकडे घालून घेता येतं. मागावं लागतं, आपण होऊन कुणी देत नाही.

आग विझल्यानंतरच्या महिन्यांचा विचार तर त्यांनी केलाच नव्हता. यंत्र जळालं, त्याचे पैसे मिळाले, पण नवं यंत्र बसेपर्यंत भाडं, पगार, व्याज कुठून द्यायचं? त्यासाठी नफ्याच्या नुकसानीचा वेगळा विमा असतो. त्यात ‘ढोबळ नफा’ हा शब्द येतो आणि तिथेच घोटाळा होतो. हिशेबनीस सांगतो तो ढोबळ नफा आणि विम्यातला ढोबळ नफा एक नव्हे. विम्यात उलाढालीतून फक्त कामाबरोबर कमी-जास्त होणारे खर्च वजा होतात, म्हणून आकडा मोठा येतो. भरपाईची मुदतही विचार करून निवडावी लागते. सहा महिने पुरतील असं वाटतं, पण परवानग्या, बांधकाम, यंत्राची वाट पाहणं आणि मग तुटलेली गिऱ्हाइकं परत येणं, हे सगळं धरलं तर वर्षही कमी पडतं.

इतकं सगळं निस्तरल्यावर झोप लागायला हवी होती. बरीच लागायलाही लागली. पण भीती आगीवरून निघाली आणि दुसरीकडे जाऊन बसली. यंत्रात कामगाराचा हात गेला तर, मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे थकवले तर. मी याच क्षणाची वाट पाहत होतो. माहितीनं चिंतेचा खरा भाग मिटतो. उरतो तो भाग माहितीनं मिटत नाही.

नूतनीकरण झालेली पॉलिसी घेऊन ते आले, तेव्हा रागावलेले होते. “हे बघा. प्रत्येक दाव्यात पहिले 5 टक्के आमचे आम्ही सोसायचे म्हणे. एवढं सगळं खरं सांगितलं, हप्ता वाढवून घेतला, तरी पूर्ण देत नाहीत!”

“पूर्वीच्या पॉलिसीतही ही वजावट होती. तुम्ही वाचली नव्हती.”

“पण का?”

“कारण पूर्ण धोका कुणीच घेत नाही. ज्यांचा धंदाच धोके घेण्याचा आहे, तेही थोडा भाग बाजूला ठेवतात.” मग मी विचारलं, “तुम्ही स्वतःसाठी किती वजावट ठेवली आहे?”

त्यांना प्रश्न कळला नाही.

“म्हणजे, वर्षभरात किती चुका, किती नुकसान तुमच्या हातून झालेलं चालेल?”

“चालेल कसं? मालक आहे मी. मालकाला आधी दिसायलाच हवं. चूक व्हायलाच नको.”

मी त्यांचं वाक्य कागदावर लिहिलं आणि दोन ‘च’ना गोल केला. “हे दोन काढून वाचा.”

त्यांनी वाचलं. “मालकाला आधी दिसायला हवं. चूक व्हायला नको.” थांबले. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसायला लागले. मीही बोललो नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये, त्या शांततेत जे घडतं ते आपल्या शब्दांनी घडत नाही. दोन-तीन मिनिटांनी ते म्हणाले, “म्हणजे मी शून्य वजावटीची पॉलिसी मागतोय. स्वतःकडून.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विचाराचा मी पाईक आहे, आणि तो विचार मराठीत या एका अक्षरात मावतो. नुकसान होऊ नये, ही इच्छा माणसाला यादी करायला लावते, पत्र लिहायला लावते. नुकसान होताच कामा नये, हा हट्ट त्याला पहाटे तीनला गाडी काढायला लावतो. पण एक गोष्ट मला या प्रकरणात नव्यानं उमगली. हा ‘च’ मी त्यांना पहिल्याच भेटीत दाखवला असता तर तो उपदेश ठरला असता. ड्रम पोटमाळ्यावर असेपर्यंत तो हट्ट नव्हता, इशारा होता. आधी ड्रम हलवावा लागला.

उशाशी एक वही ठेवायचं ठरलं. जाग आली की आलेला विचार एका ओळीत लिहायचा. त्यावर उद्या करण्यासारखं काही असेल तर पुढे त्या कामाचं नाव. नसेल तर पुढे ‘वजावट’ लिहायचं आणि दिवा मालवायचा. थकलेल्या पैशांच्या ओळीपुढे काम निघालं. गिऱ्हाईक 60 दिवसांनी देतं, कागदवाल्याला 30 दिवसांत द्यावे लागतात, मधल्या 30 दिवसांचं भांडवल मोठी ऑर्डर घेण्याआधी मोजायचं. अचानक मंदी येण्याच्या ओळीपुढे ‘वजावट’.

जागेचा प्रश्न शेवटी आला. ‘आपला गाळा विकत घेतला की कुणी बाहेर काढणार नाही’ म्हणून ते सगळी गंगाजळी त्यात घालायला निघाले होते. जागा घेणं वाईट नाही. पण भीतीपोटी घेतलेल्या जागेत हिशेब अर्धवट राहतो. हप्त्याची तुलना भाड्याशी होते आणि नोंदणीचा खर्च, कर, देखभाल, इमारतीचा विमा, दुरुस्ती बाहेर राहतात. धंदा मंदीत गेला तर त्याच वेळी गाळ्यालाही गिऱ्हाईक मिळत नाही, हेही धरलं जात नाही. सुरुवातीची रक्कम भरल्यावर सहा महिन्यांचा ठरलेला खर्च हातात उरतो का, हा माझा नेहमीचा प्रश्न. त्यांच्याकडे दीड महिन्याचा उरत होता. त्यांनी खरेदी पुढे ढकलली आणि भाडेकरार नव्यानं केला. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोन्ही बाजूंना सारखं, नोटीस सहा महिन्यांची, मोठी दुरुस्ती कुणाची ते लेखी. भाडेवाढ दरवर्षी 5 टक्के की दर तीन वर्षांनी 15 टक्के, हेही त्यांनी मांडून पाहिलं. पहिल्या पद्धतीत दहाव्या वर्षी भाडं मूळच्या 1.55 पट होतं, दुसऱ्या पद्धतीत 1.52 पट, आणि मधल्या वर्षांत दुसरी पद्धत आणखी स्वस्त पडते.

फेऱ्या थांबल्या आहेत. जाग अजून येते, महिन्यातून एक-दोनदा. मागच्या भेटीत निघता निघता त्यांनी वही उघडून एक ओळ दाखवली. यंत्राच्या कर्जासाठी त्यांनी वैयक्तिक हमी दिली आहे. कंपनीनं पैसे फेडले नाहीत तर वसुली घरापर्यंत येऊ शकते, आणि हे पत्नीला माहीत नाही. ओळीपुढची जागा कोरी होती. “इथे ‘वजावट’ लिहायला हात धजेना,” ते म्हणाले.

“इथे ती नाहीच. इथे काम आहे.”

पुढच्या भेटीला ते पत्नीला घेऊन येणार आहेत. हमीपत्राची प्रत सोबत आणा, आणि या वेळी पाकीट घरीच दोघांनी मिळून उघडा, असं मी सांगितलं आहे.